बसूमामाची भरली वांगी

“नाक शकूचं आहे, म्हणजे तू वैजूच.”

बसस्टॉपवर एकच माणूस उभा होता, काळ्या छत्रीखाली, आणि तो मराठीत बोलत होता. स्वीडनला आल्यापासून समोरासमोर कानावर पडलेलं ते पहिलं मराठी. मी पाया पडायला वाकले, तर पाठीवरची सॅक डोक्यावर आली, हातातली पिशवी डबक्यात टेकली आणि मीही जवळजवळ डबक्यातच. मामानं खांदा धरून मला सरळ केलं.

“राहू दे, राहू दे. इथं कोण बघायला बसलंय? थंडी वाजते काय गं? मफलर आणलाय तुझ्यासाठी.”

“छे मामा, अजिबात नाही,” मी म्हटलं. दात कडाकडा वाजत होते.

“बरं,” मामा म्हणाला आणि हातातला मफलर परत खिशात घातला.

मला जरा नवलच वाटलं. पण म्हटलं, असेल. पहिलीच भेट, दोघंही अवघडलेले.

हा माझा सख्खा मामा. नाव बसगोंडा, घरात बसू. आमचं गाव इचलकरंजी. दिवसरात्र यंत्रमागांची खडखड, ती थांबली की लोकांना झोप येत नाही असलं गाव. मामा तरुणपणी मागाच्या मशिनरीचं काम शिकायला म्हणून बुरोसला आला. हेही कापडगिरण्यांचं शहर. वर्षभरासाठी आलेला तो इथलाच झाला. नोकरी लागली, गुनिला नावाच्या बाईशी लग्न झालं. आधी दोन-तीन वर्षांतून एकदा यायचा म्हणे. मला आठवतो तो एक उंच माणूस आणि चांदीच्या कागदातलं चॉकलेट, एवढंच. मी चार-पाच वर्षांची असताना आजी गेली, आणि त्यानंतर मामा आलाच नाही.

यापलीकडे आई काही सांगायची नाही. “आई गेली तेव्हा आला नाही. नंतर तरी यायचं का नाही माणसानं? आलाच नाही.” आणखी खोदून विचारलं की पदर खोचून भांडी घासायला बसायची, घासलेलीच परत घासायची.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझ्या आईला भाऊ होता, चांगला धडधाकट, आणि तरी ती दर वर्षी ताट घेऊन गच्चीवर जायची. बीजेची कोर ती केवढीशी, आणि दिवेलागण झाली की लगेच मावळायला लागते. आई घाईनं कुंकू लावायची हवेतच, दिवा फिरवायची, अक्षता टाकायची आणि खाली येऊन कुणाशी न बोलता पोळ्या लाटायला बसायची. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, “शकुंतलावहिनी, तुम्हाला भाऊ आहे ना हो?” आई म्हणाली, “आहे की. तोच वर बसलाय.”

तर टेक्सटाइल पुढं शिकायचं म्हणून माझा नंबर लागला, तो नेमका बुरोसला. आमच्या कॉलेजातल्या सरांनीच सुचवलं होतं. आईनं शहराचं नाव ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. चार दिवस काही बोलली नाही. मग मी बॅग भरत असताना शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी घेऊन आली. खलबत्त्यात कुटलेली, लसूण भरपूर, तेल सुटलेलं.

“ही त्याला दे.”

“तू दिलीस म्हणून सांगू?”

“काही नको. घरची आहे म्हण.” मग बॅगेतले कपडे उगाच इकडचे तिकडे करत म्हणाली, “आणि त्याला म्हण, यंदा भाऊबीजेला ये.”

“आई!”

“ओरडू नकोस. मी म्हटलं असं म्हणायचं नाही. तूच आपली मनानं म्हटल्यासारखं म्हण. आणि गेल्या गेल्या नको. जेवायला बसलात की पानावर सहज विषय काढ. आमच्या घरात भांडणं मिटली ती पानावरच मिटली. पोटात दोन घास गेले की माणूस मऊ होतं. बसू तर पहिल्यापासून तसाच आहे.”

कित्येक वर्षांत मी तिच्या तोंडून ‘बसू’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं. तिचे डोळे भरले होते, आणि मी ते पाहिलं हे तिला कळू नये म्हणून मी बॅगेची चेन लावत बसले.

आल्यावर मात्र मामाला फोन करायला माझा धीरच होईना. एक तर माझंच इथं काही धड चाललं नव्हतं. खोली हॉस्टेलच्या एका लांब बोळात, स्वयंपाकघर आठ जणांत एक, फ्रिजमधल्या प्रत्येक खणावर कुणाचं तरी नाव. वर्गात माझ्या शेजारी योहाना नावाची मुलगी बसायची, फार चांगली पोरगी. पहिल्याच आठवड्यात तिनं डबा उघडून माझ्यापुढं केला आणि विचारलं, थोडं खाणार का? मी रीतीप्रमाणे म्हटलं, “नको, नको.” तिनं डबा मागं घेतला आणि शांतपणे सगळं संपवलं. मी आपली वाट बघत बसलेय, आता दुसऱ्यांदा विचारील, मग मी म्हणेन, बरं बाई, एवढं म्हणतेस तर. कसलं काय! पोटात कावळे ओरडत होते आणि मी वहीत धाग्यांची गणितं करत होते.

दोन-तीनदा अशी उपाशी राहिल्यावर मला अक्कल आली. ही माणसं एकदाच विचारतात. हो म्हटलं तर देतात, नाही म्हटलं तर तुमच्या नाहीचा मान राखतात. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला काय हवंय ते त्याला कळत नाही असं म्हटल्यासारखं. मग मीही हो म्हणायला शिकले. एकदा तर योहानानं अर्धं सफरचंद पुढं केलं आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी ते चावलं होतं. ती हसून हसून बेजार.

तिकडून आईचा धोशा सुरूच. दर रविवारी मी कार्ड घालून फोन करायचे, आणि तिचा पहिला प्रश्न, “गेलीस का?” दिवाळी जवळ येत चालली तशी ती ‘गेलीस का’ एवढंही म्हणेना, नुसती गप्प राहायची. शेवटी मी हिय्या करून मामाचा नंबर फिरवला. पलीकडून कुणी तरी स्वीडिशमध्ये काही म्हणालं. मी म्हटलं, “मामा, मी वैजू. शकूची.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“रविवारी दुपारी ये,” मामा म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. “मी स्टॉपवर येतो.”

दुपारी ये म्हणजे जेवायलाच ये. त्यात आणखी सांगायचं काय? मी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मामाकडचं जेवण, त्यात आईचा निरोप पोचवायचा; भूक कशी कडकडून हवी.

मामाचं घर तीन मजली इमारतीत होतं, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यातच वास आला. कांदा, सुकं खोबरं आणि तीळ भाजल्याचा, आणि त्यात मुरलेला आमच्या कांदा-लसूण चटणीचा. मी पायरीवरच थबकले. दीड महिना ब्रेड आणि उकडलेले बटाटे खाल्लेल्या माणसानंच तो वास घेऊन बघावा. मला रडूच यायला लागलं होतं.

“गुनिला बहिणीकडं गेलीय,” मामा कुलूप काढत म्हणाला. “म्हणाली, तुम्ही दोघं मनासारखं मराठीत बोला, मी मध्ये नको.”

घर लख्ख होतं. भिंतीवर एकच फोटो, आमच्या आजोबांच्या मागांच्या शेडचा, समोर दोन पोरं उभी. मोठा मुलगा पोट पुढं काढून, आणि त्याच्या सदऱ्याचं टोक धरून एक शेंबडी मुलगी. “ती तुझी आई,” मामा म्हणाला. “सोडायचीच नाही. शाळेत गेलो तरी मागं मागं.”

मी पिशवीतून चटणी काढून दिली. मामानं पुडी उघडली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

“शकूनं केली?”

“घरची आहे,” मी म्हटलं, अगदी शिकवल्यासारखं.

“शकूनं काही सांगितलंय?”

तो माझ्याकडं बघत नव्हता. पुडीची घडी परत नीट घालत होता. माझ्या जिभेवर आलं होतं. पण आईनं बजावलं होतं, गेल्या गेल्या नको, पानावर. अजून पान कुठं मांडलं होतं?

“नाही मामा, विशेष काही नाही,” मी म्हटलं. मनात म्हटलं, थांब जरा, जेवताना सांगते.

“बरं,” मामा म्हणाला.

मग आम्ही बोलत बसलो. मामाचं मराठी मजेशीर होतं, आजोबांच्या काळात थांबलेलं. तो ‘सिनेमा लागलाय काय’ म्हणायचा, ‘तालीम’ म्हणायचा, मधूनच एखाद्या साध्या शब्दासाठी अडायचा. माझ्या अभ्यासाचं त्यानं बारकाईनं विचारलं.

“आणि इथं जमतंय का तुला? माणसं कशी वाटतात?”

आता मला काय माहीत, मी काय करून बसणार आहे. मला आपलं वाटलं, मामाला सांगावं की भाची काही घाबरट नाही. मी एकदम फुशारकीनंच म्हटलं, “एकदम झकास जमतंय! मला तर इथली माणसंच आवडतात. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. आपल्याकडं कसं, घे गं, घे गं, नुसता जीव नको करतात. मला ते पहिल्यापासूनच आवडत नाही. मी तर आता अगदी इथलीच झालेय.”

मामा माझ्याकडं बघत राहिला, आणि मग हसला. “शाबास,” म्हणाला. “मला इतक्या लवकर जमलं नव्हतं.”

मी खूश. मामावर छाप पडली.

थोड्या वेळानं तो उठला, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. हात पुसायचं फडकं हातात घेतलं, परत अडकवलं.

“वैजू, जेवणार का?”

मी खुर्चीत सावरून बसले. वासानं मगाचपासून जीव कासावीस झाला होता. पण पहिल्या हाकेला ‘हो’ म्हणायचं? मामाकडं? इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आलेल्या घरात? स्वीडिश माणसाला मी हो म्हटलं असतं, तोंडातलं वाक्य संपायच्या आत म्हटलं असतं. पण हा आपला माणूस होता. आपल्या माणसाला आग्रह करायची संधी द्यावी लागते. लगेच हो म्हणणारी पोर हावरट, तिला आईनं वळण लावलेलं नाही.

“नको मामा, कशाला उगाच. मी खाऊन आलेय.”

मामा तिथंच उभा होता. एकदा त्यानं आत शेगडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. मी मनातल्या मनात माझं पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं: बरं, थोडंसंच वाढ.

“बरं,” मामा म्हणाला. “मग कॉफी करतो.”

आतून झाकण नीट बसवल्याचा आवाज आला.

कॉफी आली. सोबत दालचिनीचा बन होता, तो मी चार घासांत संपवला. त्यानंतर काय बोललो ते मला आठवत नाही. माझं लक्षच उडालं होतं. आधी वाटलं, अजून विचारील. मग वाटलं, विसरला असेल. मग मात्र असा संताप आला की कानशिलं तापली. भाचीला उपाशी लावून देणारा मामा! केलेला स्वयंपाक झाकून ठेवणारा! आई म्हणायची ते खोटं नव्हतं तर. आणि उपाशीपोटी, कॉफीच्या कपावर भाऊबीजेचा निरोप कसा द्यायचा? मी तो दिलाच नाही.

मामा परत स्टॉपपर्यंत आला. बस दिसली तेव्हा म्हणाला, “वाटलं तर फोन कर. कधीही.”

मी नुसती मान हलवली. मागं वळून बघितलंही नाही.

हॉस्टेलवर जायच्या आधी मी आईला फोन लावला. ती फोनजवळच बसून होती, पहिल्या घंटीला उचलला.

“काय केलं होतं जेवायला?” तिनं इतक्या उत्सुकतेनं विचारलं की मला बोलवेना.

“काही नाही. कॉफी दिली.”

“म्हणजे?”

“म्हणजे जेवणार का म्हणून विचारलं. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. तर बरं म्हणाला आणि कॉफी केली. आणि आई, स्वयंपाक झालेला होता गं. सगळ्या जिन्यात वास होता.”

कार्डावरचे पैसे संपत चालल्याची सूचना येऊन गेली.

“एकदाच विचारलं?” ती म्हणाली. “अगं, दारात आलेल्या परक्यालाही माणूस दोनदा विचारतं. बहिणीची पोर ती, हजारो मैलांवरून आलेली...” तिचा आवाज फुटला. “राहू दे. पुन्हा जाऊ नकोस त्याच्याकडं. आणि तो निरोप दिला नाहीस तेच बरं केलंस.”

भाऊबीज आली आणि गेली. आईनं चंद्राला ओवाळलं. मामाचा फोन आला नाही, मीही केला नाही. नाताळ गेला, सगळीकडं बर्फ झालं, परीक्षा झाल्या. कधी कधी बसमध्ये एखादी काळी छत्री दिसली की मी मान वळवून बघायचे. पण राग काही जात नव्हता.

फेब्रुवारीत फोन आला. बाईचा आवाज होता, इंग्रजीत, सावकाश. “मी गुनिला. बसूची बायको.” दारातलं बर्फ काढता काढता मामा खाली बसला होता आणि उठलाच नव्हता. हृदय बंद पडलं होतं.

आईला मी कसं सांगितलं ते माझं मलाच माहीत. ती “बरं,” म्हणाली आणि रिसीव्हर बाबांच्या हातात दिला. बाबा म्हणाले, “डोक्यावरून पाणी घेऊन देवापुढं बसलीय. तू काळजी करू नकोस.”

अंत्यविधीला दहा-बारा माणसं होती. मला आत जायलाही चोरट्यासारखं होत होतं. संपल्यावर गुनिलानं माझा हात धरला आणि घरी चल म्हणाली. तिला काय म्हणून हाक मारायची तेही मला कळत नव्हतं. आईनं तिचा उल्लेख कधी ‘तुझी मामी’ म्हणून केला नव्हता.

त्याच टेबलाशी आम्ही दोघी बसलो. ती उंच, हाडापेरानं मोठी बाई होती, पण खांदे पार पडले होते.

“मला एक विचारायचंय,” ती म्हणाली. “तुझी आई त्याच्यावर इतकी का रागावली होती? त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.”

मला धक्काच बसला. “त्याला कळलं नाही? आजी गेली आणि तो आला नाही!”

“तिकीट हातात होतं,” गुनिला म्हणाली. “बातमी उशिरा मिळाली, जागा चार दिवसांनंतरची मिळाली. येतोय म्हणून सांगायला त्यानं फोन केला. मी शेजारीच उभी होते. तुझी आई म्हणाली, आता येऊ नकोस. त्यानं फोन ठेवला, खुर्चीवर बसला, आणि दुसऱ्या दिवशी तिकीट परत केलं.”

हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. पण ते वाक्य मला डोळ्यांपुढं दिसत होतं. आई कशी म्हणाली असेल, कोणत्या आवाजात, दातओठ खात आणि रडत. आमच्याकडं असं म्हटलेल्या माणसानं पहिल्या गाडीनं येऊन दारात उभं राहायचं असतं. बहीण पाठ फिरवते, भाऊ पायाशी बसतो, मग दोघं गळ्यात पडून रडतात. ‘येऊ नकोस’चा तोच तर अर्थ.

“मी त्याला म्हटलं, पुन्हा विचार,” गुनिला सांगत होती. “तो म्हणाला, ती मोठी बाई आहे, तिनं नाही म्हटलंय. पुन्हा विचारणं म्हणजे तिचं न ऐकणं. तिला वाटेल तेव्हा ती बोलावील. आणि मग दर वर्षी, हिवाळा सुरू होताना तुमचा तो सण असतो ना, त्या दिवशी तो घराबाहेर पडत नसे. फोन येईल म्हणून. तू आलीस ना, तेव्हा लहान मुलासारखा झाला होता. म्हणाला, आता शकूचा निरोप येणार. वांग्यांसाठी पार यटेबोरी शहरात गेला, तिथल्या बाजारात लहान वांगी मिळतात म्हणून. सकाळपासून मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही.”

“भरली वांगी होती?” मी विचारलं.

“हो. संध्याकाळी मी आले तर तो अंधारात बसला होता. म्हणाला, तिनं खाल्लं नाही. आणि शकूनं काही निरोप दिला नाही.”

मी म्हटलं, “पण त्यानं पुन्हा विचारायचं होतं! तो तर आमच्याकडचाच होता ना! त्याला ठाऊक असायला हवं होतं!”

गुनिला किंचित हसली. “ठाऊक होतं तर. आमच्या लग्नाआधी माझ्या आईनं त्याला जेवायला बोलावलं होतं. बटाटे हवेत का म्हणून तिनं विचारलं, हा नको म्हणाला आणि उपाशी झोपला. दर नाताळला तो ही गोष्ट सांगायचा आणि सगळ्यांना हसवायचा. तुला विचारल्यावर त्याला तेच आठवलं. तो म्हणाला, माझ्या तोंडावर आलं होतं, बस गं, घे गं म्हणून. पण मुलगी हुशार आहे, नवी आहे. तिला आग्रह आवडत नाही, तिनंच सांगितलं. मी केला असता तर तिला वाटलं असतं, एवढी वर्षं इथं राहून म्हातारा खेडवळचा खेडवळच राहिला.”

मी टेबलावर डोकं टेकलं आणि मोठमोठ्यानं रडले. स्वीडिश घरात कुणी असं रडत नसावं. गुनिलानं मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. फक्त समोर बसून राहिली. थोड्या वेळानं उठली, फ्रीझर उघडला आणि एक छोटा प्लॅस्टिकचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. वर चिकटपट्टी होती. ही माणसं फ्रीझरमधल्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहितात. या पट्टीवर वांग्याचं नाव नव्हतं. देवनागरीत, मोडक्या अक्षरांत लिहिलं होतं: वैजू.

“परत आलीस तर, म्हणून ठेवला होता,” गुनिला म्हणाली. “गरम करू? खाणार?”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, “हो, मामी.”

शिक्षण संपवून मी इचलकरंजीला परतले ती दिवाळीच्या तोंडावर. आईशी मामाबद्दल फोनवर काही बोलले नव्हते. असलं फोनवर बोलता येत नाही. घरी आल्यावरही रोज उद्या, उद्या करत राहिले. भाऊबीजेला दिवेलागणीला ती ताट घेऊन गच्चीवर निघाली, तेव्हा मी मागोमाग गेले. पश्चिमेला, पलीकडच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीच्या वर कोर दिसत होती, अगदी बारीक. आणि मग मी सगळं सांगितलं. मफलरपासून डब्यापर्यंत. तिकिटाचंही सांगितलं. तिचं वाक्य मी उच्चारलं नाही, पण ते तिला कळलं.

आई हातातल्या ताटाकडं बघत ऐकत होती. दिव्याला वारा लागू नये म्हणून तिनं एक हात आडवा धरला होता.

“आई, ओवाळ. मावळेल ती.”

ती हलली नाही.

“वांगी कशी झाली होती गं?” तिनं विचारलं.

“चांगली होती. मीठ कमी होतं जरा.”

“कमीच घालायचा तो,” आई म्हणाली. “बसूला मिठाचा अंदाज कधी आलाच नाही. मी ओरडायची, तर म्हणायचा, तू वरून घाल की मग.” ती हसायला गेली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. “वैजू, मी एकदाच म्हटलं होतं गं, येऊ नकोस. खरंच सांगते. एकदाच.”

मी तिचा खांदा धरला. खाली गल्लीत पोरं फटाके लावत होती, आणि टाकीवरची कोर तेवढ्यात दिसेनाशी झाली. आईनं ताट तसंच धरून ठेवलं होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “चल, पोळ्या लाटायच्यात.”